पाठीवरचे पोर आणि दुसरे लुगडे

ऐतिहासिक व्यक्तीचा वेष चढवायचा आणि 'मी अमुक बोलतोय' म्हणत तिचे चरित्र तिच्याच तोंडून सांगायचे, हा प्रकार आपल्याकडे आता इतका रुजला आहे की त्याला स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणायला हरकत नाही. पुण्याच्या गंज पेठेतील फुले वाडा, खंडाळा तालुक्यातील नायगावचे सावित्रीबाईंचे माहेरघर, शाळांची पटांगणे, महाविद्यालयांची स्नेहसंमेलने ही त्याची व्यासपीठे. ३ जानेवारीला सकाळी शिरूर-दौंड भागातल्या कोणत्याही रस्त्याने जा. नऊवारी नेसलेल्या, कपाळभर कुंकू रेखलेल्या, हातात पाटी धरलेल्या छोट्या सावित्रीबाई रांगेने चाललेल्या दिसतात. ड्रेपरीवाल्याकडे त्या आठवड्यात जोतिरावांची पगडी मिळेनाशी होते.

कवितासंग्रह निघाला की त्याचे परीक्षण होते. कादंबरीवर परिसंवाद होतात. या वेषधारी चरित्रकथनाचे परीक्षण मात्र कोणी करीत नाही. पाहणाऱ्यांनी टाळ्या वाजवायच्या, संयोजकांनी नारळ-शाल द्यायची आणि वर्तमानपत्राने फोटो छापायचा, एवढ्यावर ते संपते. खरे म्हणजे आपल्या पुस्तकांना जेवढे वाचक नाहीत त्याच्या कितीतरी पट श्रोते या प्रयोगांना आहेत. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी सावित्रीबाई पहिल्यांदा पाहिल्या त्या पुस्तकात नव्हे, तर अशाच एखाद्या पटांगणावर. म्हणून साहित्याचा विद्यार्थी या नात्याने या प्रकाराची चिकित्सा करणे मला अगत्याचे वाटते.

आधीच सांगतो, हसण्यासाठी हा लेख नाही. ज्या शाळांत वर्षानुवर्षे फक्त सरस्वतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती लागली, तिथे आज सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार पडतो. हे कुणाच्या कृपेने घडलेले नाही. त्यामागे चळवळीचे श्रम आहेत. म्हणूनच त्या श्रमांतून मिळालेल्या व्यासपीठावर नेमके काय सांगितले जाते, हे तपासले पाहिजे.

२

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन शिरूरहून एस.टी.ने पुण्याला गेलो. रांजणगाव, शिक्रापूर मागे पडले, कोरेगाव भीमा आले. जयस्तंभ दिसला तशी दोन-तीन मुले आपोआप जागेवरून उठली. त्यांना कोणी सांगितले नव्हते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री ज्या शिरूरच्या छावणीतून फौज निघाली, त्याच शिरूरहून आम्ही निघालो होतो.

फुले वाडा आता शासनाने जतन केलेले स्मारक आहे. कौलारू घर, लाकडी खांब, आवारात विहीर, तुळशीवृंदावनाच्या रूपातली जोतिरावांची समाधी. आपला देह याच जागी पुरावा अशी जोतिरावांची इच्छा होती. परवानगी मिळाली नाही, म्हणून १८९० मध्ये दहनानंतर अस्थी येथे ठेवल्या गेल्या. त्या दिवशी एका संस्थेने आवारात सावित्रीबाईंचा एकपात्री प्रयोग ठेवला होता. मुलांना बसवले आणि मीही मागे बसलो.

प्रयोग करणाऱ्या बाईंचे पाठांतर चोख होते. आवाज दमदार होता. जन्म ३ जानेवारी १८३१, शाळा १८४८, सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३, मृत्यू १० मार्च १८९७. एकही सन चुकला नाही. लुगडे कडक इस्त्रीचे होते. मग शाळेच्या वाटेवरचा प्रसंग आला. बाई म्हणाल्या, "काही समाजकंटकांनी माझ्यावर शेण फेकले, चिखल फेकला. पण मी डगमगले नाही." टाळ्या पडल्या. माझ्या विद्यार्थ्यांनीही वाजवल्या. मीही वाजवल्या असाव्यात.

परतीच्या वाटेवर ते वाक्य मला टोचू लागले. समाजकंटक म्हणजे कोण? रात्री दगड मारून पळणारे गावगुंड? शेण फेकणारे समाजकंटक नव्हते. तो समाजच होता. धर्म त्यांच्या बाजूचा होता, परंपरा त्यांच्या बाजूची होती, शेजारपाजार त्यांच्या बाजूचा होता. त्या समाजाच्या लेखी कंटक होती ती सावित्रीबाई. हा दाब एवढा होता की १८४९ मध्ये गोविंदरावांना पोटच्या मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढावे लागले. एका शब्दाने हा सगळा दाब नाहीसा केला आणि ज्याच्याशी सावित्रीबाई झगडल्या त्याला दोन-चार टवाळांचे रूप आले.

यात कुणा एका जातीला शिव्या द्या असे माझे म्हणणे नाही. तात्यासाहेब भिड्यांनी मुलींच्या शाळेला आपला वाडा दिला, सदाशिव गोवंडे जोतिरावांच्या पाठीशी उभे राहिले, हेही प्रयोगात आलेच पाहिजे. पण साथ देणाऱ्याचे नाव ठसठशीत घ्यायचे आणि शेण फेकणाऱ्या व्यवस्थेचे नाव गिळायचे, हा कुठला न्याय? नावे घ्यायची तर दोन्हीकडची घ्या.

प्रयोग संपल्यावर माझी एक विद्यार्थिनी वाड्याच्या आवारात काहीतरी शोधत फिरत होती. मी विचारले तर म्हणाली, "सर, तो हौद कुठाय? आपल्या लोकांना पाणी दिलं तो?" १८६८ मध्ये जोतिरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, हे मीच वर्गात शिकवले होते. चाळीस मिनिटांच्या त्या प्रयोगात हौदाला एकही वाक्य मिळाले नव्हते.

३

या प्रकाराशी माझे स्वतःचे नाते जुने आहे. मी दौंडचा. वडील रेल्वेत खलाशी होते; घरात शाळेची पायरी ओलांडून पुढे गेलेला पहिला मीच. पाचवीत असताना आमच्या शाळेने सावित्रीबाईंचे नाटुकले बसवले. आठवीतली एक मुलगी सावित्री झाली. शेवटचा प्रसंग प्लेगचा. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन सावित्रीबाई दवाखान्याकडे निघतात, असा तो प्रसंग. पोर कोण होणार? गुरुजींनी वर्गावर नजर फिरवली आणि माझ्याकडे बोट केले. "तू हो रे. तुला काही करायचं नाही. नुसतं डोळे मिटून पडायचं."

मी हडकुळा होतो, हे खरे. पण वर्गात हडकुळी मुले आणखीही होती. मला का निवडले हे त्या वेळी मला कळले नाही. बाकीच्या मुलांना मात्र लगेच कळले. पुढे वर्षभर त्यांनी मला ज्या नावाने हाक मारली ते येथे लिहीत नाही.

आई कार्यक्रमाला आली होती, मागे जमिनीवर बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "दोन तास बसले रं, पर तुझं तोंडच दिसलं न्हाई. तिच्या खांद्याआडच व्हतं."

आईच्या त्या वाक्याइतकी नेमकी नाट्यसमीक्षा मी नंतर कुठे वाचली नाही. त्या पोराचे नाव इतिहासात आहे: पांडुरंग बाबाजी गायकवाड. आमच्या नाटुकल्यात त्याला नाव नव्हते, संवाद नव्हता, डोळे उघडायची मुभा नव्हती. तेव्हापासून मी असे प्रयोग पाहतो तेव्हा दोनच गोष्टी शोधतो. शेण फेकणारा रंगमंचावर आहे का? आणि ज्यांच्यासाठी ते शेण झेलले त्यांना तोंड आहे का? बहुतेक वेळा दोन्ही नसतात. मधे उरते ती एकटी, स्वच्छ, वंदनीय बाई. वंदन करून घरी जायला प्रेक्षक मोकळा.

४

कोणी म्हणेल, वेषाच्या खेळाकडून एवढी अपेक्षा कशाला? त्याला उत्तर खुद्द जोतिरावांनीच देऊन ठेवले आहे. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी मेजवानी दिली. शहरातली दागिन्यांनी मढलेली प्रतिष्ठित मंडळी जमली होती. जोतिराव तिथे गेले ते शेतकऱ्याच्या फाटक्या वेषात. राणीच्या मुलाला त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे, की या सभेत दिसतो तो हा देश नव्हे. देश पाहायचा तर खेड्यात जा, अस्पृश्यांच्या वस्तीत जा. माझ्या मते आधुनिक महाराष्ट्रातले वेषधारी सादरीकरणाचे ते सर्वांत समर्थ उदाहरण आहे. तो वेष कुणाचे कौतुक करण्यासाठी घातला नव्हता. समोर बसलेल्याला आपण कुठे बसलो आहोत याची लाज वाटावी, म्हणून घातला होता.

१८५५ मध्ये लिहिलेल्या 'तृतीय रत्न' या नाटकातही त्यांनी हेच केले. जोशी एका कुणब्याला आणि त्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालून लुबाडतो. पण ही लुबाडणूक नुसती दाखवून जोतिराव थांबत नाहीत. शेजारी एक विदूषक उभा करतात. तो मधूनमधून बोलतो आणि प्रेक्षकाला गुंगू देत नाही. शेवटी नवराबायको रात्रीच्या शाळेला जायचे ठरवतात. पुढे सत्यशोधक जलशांनी आणि आंबेडकरी जलशांनी हाच धागा धरला. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचा साचा घेतला, पण त्यात वादविवाद भरला. जलशात सनातनी पात्र असे, ते आपली बाजू मांडत असे आणि त्याचा मुद्दा खोडला जात असे. पाहणाऱ्याला कुठल्या तरी बाजूला बसावेच लागे.

म्हणजे आपल्याला परंपरा नाही असे नाही. आपल्याकडची वेष घेण्याची परंपरा मुळात वादाची होती. ती आपण सोडली आणि प्रस्थापितांच्या ऐतिहासिक देखाव्यांची रीत उचलली. १९८५ पासून 'जाणता राजा'चे प्रयोग झाले. हत्ती, घोडे, शेकडो कलावंत. तिथे डोळे दिपणे हाच अनुभव आहे आणि त्या नाटकाला तो शोभतोही. पण सावित्रीबाईंचे चरित्र डोळे दिपवण्यासाठी नाही. आपल्याजवळ हत्ती नाहीत म्हणून आपण फक्त इस्त्रीचे लुगडे आणले, एवढाच काय तो फरक पडला.

५

येथे सुषमा देशपांडे यांच्या 'व्हय मी सावित्रीबाई' या एकपात्री प्रयोगाचा विचार करणे भाग आहे. १९८९ पासून या प्रयोगाने शहरांत आणि खेड्यांत सावित्रीबाई नेल्या. आज दिसणाऱ्या बहुतेक एकपात्री सावित्रीबाईंचे मूळ तिथे आहे. त्या प्रयोगाचे बळ मला त्याच्या नावातच दिसते. 'होय' नाही, 'व्हय'. पाठ्यपुस्तकातल्या सावित्रीबाईंच्या तोंडी मातीतली बोली येताच त्या चौकटीतून खाली उतरल्या आणि पारावरच्या बाईशी बोलू लागल्या.

मागून आलेल्यांनी त्यातून काय उचलले? लुगडे आणि 'मी'. 'व्हय' मात्र टाकून दिले. आजच्या प्रयोगांतल्या सावित्रीबाई आकाशवाणीच्या मराठीत बोलतात. वेष खेड्यातला आणि वाणी सभागृहातली, असा हा घोटाळा आहे. 'मी'चा आणखी एक धोका आहे. पात्र 'मी' म्हणून बोलते तेव्हा प्रेक्षक त्या 'मी'त सहज शिरतो. दोन घटका प्रत्येकाला वाटते की आपणही शेण झेलले. ज्याच्या गावात अजून दोन पाणवठ्यांची आठवण ताजी आहे, ज्याने घर भाड्याने देताना आडनाव विचारून घेतले आहे, तोसुद्धा सावित्री होऊन घरी जातो. हे फारच स्वस्तातले मुक्तिनाट्य झाले.

शाळेला जाता-येताना सावित्रीबाई एक जादा लुगडे जवळ बाळगत, असे जुन्या आठवणींत आहे. वाटेत घाण झालेले लुगडे शाळेत पोहोचल्यावर बदलायचे आणि शिकवायला उभे राहायचे. आपण प्रयोगांत दाखवतो ते हे दुसरे, बदललेले लुगडे. पहिले लुगडे कुठेच दिसत नाही. ते घरी नेऊन धुवावे लागले असणार. दुसऱ्या दिवशी तेच नेसून, पुन्हा घाण होणार हे माहीत असताना, बाहेर पडावे लागले असणार. धैर्य त्या पहिल्या लुगड्यात आहे. पण ड्रेपरीवाला शेणाने माखलेले लुगडे भाड्याने देत नाही आणि संयोजकांनाही ते नको असते.

६

फुले वाड्याहून आल्यावर हौद शोधणाऱ्या त्या विद्यार्थिनीला मी म्हणालो, स्नेहसंमेलनात तू काहीतरी कर. तिने विचारले, "सावित्रीबाई?" मी म्हणालो, "मुक्ता." मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांग मुलगी. तिने लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'त छापून आला.

"तिचा वेष कसा असंल सर?" हा तिचा पहिला प्रश्न. मी पुस्तकांत शोधू लागलो आणि मधेच थांबलो. मुक्ताचा वेष आपल्याला ठाऊक नाही. तिचा शब्द ठाऊक आहे. सावित्रीबाईंच्या बाबतीत आपले उलटे झाले आहे. त्यांचा वेष पोराटोरांना पाठ आहे आणि त्यांचा शब्द फार थोड्यांनी वाचला आहे. मी तिला सांगितले, वेष नको. रोजच्या कपड्यांत उभी राहा आणि निबंध वाच.

कार्यक्रम ठरवणाऱ्यांना हे पटले नाही. वेष नाही, संगीत नाही, तर बघायचे काय? शेवटी आठ मिनिटे मिळाली. ती स्टेजवर आली, माईक तिच्या उंचीपेक्षा वर होता, तो कोणी खाली केला नाही. टाचा उंचावून ती वाचू लागली. घाईने वाचत होती, दोन ठिकाणी अडखळली. मुक्ताने लिहिले आहे की मोठाल्या इमारतींच्या पायांत मांग-महारांना तेलशेंदूर पाजून पुरले जाई. तालीमखान्यापुढून गेला म्हणून पेशवाईत माणसाचे मुंडके चेंडूसारखे खेळले जाई. ज्यांच्या घरावर छप्पर नाही अशा बायांच्या बाळंतपणाचे हाल तिने लिहिले आहेत. ती ते वाचत होती तेव्हा मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. पुढच्या रांगेतले एक पाहुणे उठून बाहेर गेले. त्यांना काम असेल किंवा नसेल. टाळ्या कमी पडल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हेच लोकांना कळेना.

मला वाटते ती अडचण हेच त्या वाचनाचे यश होते. ड्यूकपुढे उभ्या राहिलेल्या जोतिरावांनी हीच अडचण निर्माण केली होती. शिवाय दौंडच्या पटांगणात पाठीवर डोळे मिटून पडलेले पोर आज खाली उतरून स्वतःच बोलत होते. त्या मुलीला हे मी सांगितले नाही. तिने मला एवढेच विचारले, "सर, लई फास्ट वाचलं का?" मी म्हटले, "थोडं."

७

हे सगळे वाङ्मयीन काथ्याकूट आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी आमच्या तालुक्याकडे पाहावे. वढू बुद्रुकला गोविंद गोपाळ महारांच्या समाधीविषयीच्या एका फलकावरून डिसेंबर २०१७ च्या अखेरीस तणाव झाला. १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमा परिसरात दगडफेक-जाळपोळ झाली आणि एका तरुणाचा जीव गेला. इतिहास सांगताना कुणाचे नाव घ्यायचे आणि कुणाचे वगळायचे, हा प्रश्न इथे हौसेचा नाही.

आणि वाड्यांचे काय? शनिवारवाड्यावर ध्वनिप्रकाशाचे खेळ झाले. पेशव्यांचे वैभव लोकांनी डोळे भरून पाहिले. वाड्यांच्या पायांत काय आहे हे मुक्ताने लिहिले, त्याला प्रकाश मिळाला नाही, ध्वनीही नाही. मुलींची पहिली शाळा जिथे भरली तो बुधवार पेठेतला भिडेवाडा वर्षानुवर्षे कोर्टकचेरीत पडका राहिला आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला गेला. वाडा ढासळत होता त्या सगळ्या काळात त्याच शाळेचा प्रसंग गावोगाव वेष घालून सादर होत होता. नव्या स्मारकात उद्या बोलक्या प्रतिमा येतील, वेषधारी मार्गदर्शकही येतील. त्यांच्या तोंडी कोणती संहिता असेल हे आजच विचारले पाहिजे. संहिता लिहिली गेल्यावर निषेध करण्यापेक्षा ती लिहायला आपण बसणे बरे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. सावित्रीबाईंच्या प्रयोगात 'समाजकंटक' हा शब्द नको. शेण फेकणारा पात्र म्हणून उभा करा, त्याचा युक्तिवाद त्याला पुरता मांडू द्या आणि मग तो खोडा. मुक्ताला सावित्रीबाईंच्या इतकीच वेळ द्या. जोतिरावांच्या विदूषकाला परत बोलवा. आणि प्लेगच्या प्रसंगात पाठीवरच्या पोराला डोळे उघडू द्या, त्याला स्वतःचे नाव सांगू द्या. एक वाक्य पुरे: "मी पांडुरंग बाबाजी गायकवाड, मुंढव्याचा."

येत्या ३ जानेवारीला शिरूरच्या एका शाळेने मला परीक्षक म्हणून बोलावले आहे. 'उत्कृष्ट वेषभूषा' असा बक्षिसाचा एकच प्रकार आहे. दुसरा प्रकार ठेवा, असे मी कळवले आहे. उत्तर अजून आलेले नाही.